पेटीतली सरकी

बाबा, आज राजापेठेतल्या माझ्या दुकानात एक पोरगी बेस गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर घेऊन आली. कॉलेजच्या बँडमध्ये वाजवते. खालच्या जाड तारेवर आवाज फाटतो म्हणाली, आणि स्पीकर नवाच बसवून द्या, असंही स्वतःच सांगून मोकळी झाली. स्पीकर पेटीतून बाहेर काढला, त्याचा आवाजासोबत मागेपुढे हलणारा कागद दोन्ही हातांच्या बोटांनी हळूच, सारखा दाबून पाहिला. आत कुठं घासत नव्हतं. मग नुसता टेबलावर ठेवून वाजवला, तर स्वच्छ. पेटीची मागची फळी सैल झाली होती, तीच थरथरत होती. चार स्क्रू आवळले, झालं. तुम्ही असंच करायचात. तुमची आठवण येऊन हात थांबतील असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही. हात पुसले आणि चहा घेतला.

अकोल्याचा तो दिवस मात्र जसाच्या तसा दिसतो. जुन्या शहरातलं आपलं दुकान, भर दुपार, समोर स्टुलांवर ऑर्केस्ट्रावाले दोघं. त्यांच्या बेस गिटारची पेटी महिन्याभरापूर्वी मीच बांधून दिली होती. आवाज आत घुमू नये म्हणून तिच्यात कापूस भरला होता. घरात शेतातला कापूस पडलेला असताना बाहेरून कशाला आणायचा, एवढं माझं डोकं चाललं. आता तीच पेटी घसा बसल्यासारखी खरखरते आहे. स्पीकर गेला, मी सांगून टाकतो. तुम्ही कोपऱ्यातल्या खुर्चीवरून उठता आणि पेटीवर तळहात ठेवता. तेव्हा तुम्हाला निम्मंच ऐकू यायचं, पण हाताला सगळं कळायचं.

"स्पीकर चांगला हाय," तुम्ही म्हणता. "बाहीर काढून वाजव. पेटीत काई तरी लागून राह्यलं."

गिऱ्हाइकासमोर मला ते झोंबतं.

"तुमाले ऐकू येते काय आता?" मी म्हणतो. "बसा तिकडं."

ते दोघं हसले. त्यातला एक तर म्हणाला, की आबाजी, तुम्ही आता नुसता ताल धरा. तुम्ही परत खुर्चीवर बसलात, आणि दुसऱ्या दिवसापासून दुकानात आलाच नाहीत. विचारलं तर गुडघे दुखतात म्हणायचात.

मी नवा स्पीकर बसवला. आवाज साफ झाला, मी खरा ठरलो. आठवड्याभरानं जुना स्पीकर उलटा करून पाहिला, तर कागदाच्या मागे, लोखंडी सांगाड्यात कापसाचा पुंजका अडकलेला आणि त्यात दोन सरक्या. जाड सूर वाजला, कागद मागे गेला, की त्या सरक्यांवर आपटत होता. पुंजका काढून वाजवला, तर स्पीकर ठणठणीत. वऱ्हाडात जन्मलेल्या माणसानं पेटीत सरकीसकट कापूस भरावा, हे तुम्हाला सांगितलं असतं तर पोट धरून हसला असतात. घर तिथून चार पावलांवर होतं. मी सरक्या केरात टाकल्या. त्यानंतर तुम्ही दोन वर्षं होतात. रोज रात्री एका ओळीत जेवायला बसायचो. भाजीत मीठ कमी आहे, हेसुद्धा तुमच्याशी बोललो.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून आजचंही सांगून टाकतो. निघताना त्या पोरीनं विचारलं, "काका, हे तुमाले कोनं शिकवलं?" इतक्या वर्षांत कितीतरी जणांनी विचारलं असेल.

"कोनीच नाई," मी म्हणालो. "आपलं आपण शिकलो."

तिला फार कौतुक वाटलं. ती पेटी गाडीवर बांधत होती, दोरीची गाठ तिला नीट बसत नव्हती. तुमचं नाव सांगायला चांगली पाच मिनिटं होती. मी दारात उभा राहून बघत होतो.