बावीस मिलिमोल

३ जून

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

फोनवर तुझा आवाज ऐकला की सांगायचं राहूनच जातं, म्हणून लिहितेय. प्लास्टरमधल्या पायाने घरभर लंगडी घालत नसशील अशी आशा आहे.

आईला सोमवारी दवाखान्यात ठेवलं. ती असंबद्ध बोलते. काल तिने मला विचारलं, तू कुणाची गं? मग प्रेमाने सांगितलं, घरी जा, आई वाट बघत असेल. डॉक्टर म्हणतात, रक्तातलं सोडियम उतरलंय. एकशे चाळीसच्या आसपास हवं, ते एकशे अठरा आहे. एकक आहे लिटरमागे मिलिमोल.

कॉलेजचं पहिलं वर्ष संपत आलं तरी रसायनशास्त्रातला मोल काही माझ्या डोक्यात शिरला नाही, हे तुला ठाऊकच आहे. आता शिकव. आईतलं किती कमी झालंय ते मला ग्रॅममध्ये कळायला हवं.

लोभ आहेच, तो तसाच राहू दे.
तुझी,
चिमणी

७ जून

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

अगं, मोल म्हणजे नुसती मोजणी, डझनासारखी. डझनभर लिंबं आणि डझनभर कलिंगडं, संख्या तीच, वजन वेगळं. सोडियमच्या एका मोलाचं वजन तेवीस ग्रॅम, आणि मिलिमोल म्हणजे मोलाचा हजारावा भाग. मोलांवरून ग्रॅम हवे तर गुणायचं, ग्रॅमवरून मोल हवे तर भागायचं. मागे तू उलटं करून चिमूटभर मीठ हत्तीएवढं केलं होतंस, तसं करू नकोस. उत्तर तूच काढ.

ताईला तिचं म्हणणं चुकतंय असं सांगत बसू नकोस. आई वाट बघतेय म्हणाली, तर हो म्हण. पाय जरा टेकता आला की निघतेच. बाबांना जेवायला लाव.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी मावशी

११ जून

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

बावीस मिलिमोल कमी. गुणिले तेवीस. पाचशे सहा मिलिग्रॅम. लिटरमागे जेमतेम अर्धा ग्रॅम, मावशी! मिठाचा मोल साडेअठ्ठावन्न ग्रॅमचा, म्हणून तेवढ्यासाठी मीठ सव्वा ग्रॅमच्या थोडं वर. कॉलेजच्या तराजूवर तोलून कागदावर घेतलं. फुंकर मारली तर उडून जाईल एवढं. एवढ्याशासाठी आई मला ओळखत नाही?

ती पुडी आईच्या सूपमध्ये घालणार होते. नर्सबाईंनी हात धरला. रागावल्या नाहीत, बाजूला बसवून समजावलं. मीठ कमी झालेलं नाही, अंगात पाणी साठलंय. फुप्फुसातली गाठ ते बाहेर पडू देत नाही. सोडियम घाईने वर आणलं तर मेंदूलाच इजा होते. गाठीचं मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. बाबांना आधीच माहीत होतं. घरी येऊन विचारलं तेव्हा ते नळाखाली एकच कप धूत उभे होते.

गणित बरोबर आलं गं. त्याचा उपयोग झाला नाही.

लवकर ये.
चिमणी

१४ जून

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

पाय गेला खड्ड्यात. रविवारी पोहोचते.

मावशी

२० जुलै

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तू आलीस तेव्हा आई डोळे उघडत नव्हती. तू दोन दिवस तिचा हात धरून बसलीस, आणि मग सगळं संपलं. तू परत जाईपर्यंत घर माणसांनी भरलेलं होतं, त्यामुळे तू येण्याच्या आदल्या दिवसाची, शनिवारची संध्याकाळ तुला सांगायची राहिली.

त्या दिवशी औषधांनी सोडियम हळूहळू एकशे अठ्ठावीसपर्यंत आलं होतं. आईने मला नावाने हाक मारली. केसांना तेल लावत नाहीस म्हणून झापलं. तू निघणार असल्याचं कळल्यावर म्हणाली, धाकटीला सांग, मोडक्या पायाने धावपळ करू नकोस. मग विचारलं, सध्या काय शिकतेस? मी मोल सांगितला. डझन, लिंबं, कलिंगडं, सगळं. तिने मन लावून ऐकलं, आणि हसून म्हणाली की तिला एक अक्षर कळलं नाही, पुन्हा सांग.

मी पुन्हा सुरुवात केली. मध्येच तिला झोप लागली. तरी मी थांबले नाही, उदाहरण शेवटपर्यंत सोडवलं.

आता तूच आमची थोरली. पत्र पाठवत राहा.
तुझी,
चिमणी