फ्रिजवरचा तक्ता

प्रिय लिओनेल,

'प्रिय' लिहिलंय ते पत्राची रीत म्हणून, उगाच हुरळून जाऊ नकोस. हे पत्र ऑड्री तुला वाचून दाखवेल. ऑड्री, तुला आत्ताच बजावून ठेवते, मी लिहिलेलं सगळं वाचायचं. टोचेल तिथे खोकून पुढे सरकायचं नाही. तुझा भाऊ आजारी आहे, विरघळायला साखरेचा नाही.

तर रविवारी ऑड्रीचा फोन आला. तुम्हा बहीणभावांचं एक आहे, सरळ काही मागायचं म्हटलं की दातखीळ बसते. आधी हायड्रेंजियाची पानं पिवळी पडल्याचं झालं, मग बॉयलरचं, मग चर्चमधल्या पाद्रीबाईंच्या गुडघ्याचं. मी आपली हं हं करतेय. शेवटी म्हणाली, "बेक्सहिलकडे तुझं येणं झालंच कधी, म्हणजे मुद्दाम नको हं, पण झालंच, तर लिओनेलजवळ घटकाभर बसशील का? त्याचं बोलणं गेलंय गं." मग हळूहळू सगळं बाहेर आलं. पक्षाघातानंतर तुझ्याकडे माणसांची आणि वस्तूंची नावं उरलीत, थोडी क्रियापदं उरलीत. गेले ते बारके शब्द. अप, ऑफ, आउट, इन, ओव्हर, सगळे. ते मी तुला परत शिकवावेत असं तिला वाटतं. खोटं कशाला सांगू, मी हसले. चांगली खो खो हसले. आणि मग म्हटलं, मला नाही जमायचं.

का हसले ते तुला ठाऊक आहे. याच बारक्या शब्दांवर तर तू जन्मभर जेवलास! हेस्टिंग्जच्या आपल्या शाळेत ब्राझीलपासून कोरियापर्यंतची पोरं यायची, मोठमोठे शब्द फाडफाड बोलायची आणि इथे येऊन अडायची. एक 'गेट' घ्या. पुढे अप लावलं की माणूस अंथरुणातून उठतो, ऑफ लावलं की बसमधून उतरतो, ओव्हर लावलं की दुःखातून बाहेर पडतो. बिचारी रडकुंडीला यायची. आणि तू काय केलंस? तक्ता! उभ्या रांगेत क्रियापदं, आडव्या रांगेत बारके शब्द, चौकोनाचौकोनात अर्थ. भिंतभर तक्ता आणि त्याच्यापुढे हात मागे बांधून उभे असलेले आमचे लिओनेलसाहेब. "पाठ करा, इंग्रजी आलीच म्हणून समजा." मग त्याचं पुस्तक झालं. पाठीमागे तुझा फोटो, तोंडात पाइप. जन्मात पाइप ओढला नाहीस रे! तो फोटोवाल्याचा होता.

मी वर्गात किटली न्यायचे. कोट चढवा, कोट उतरवा, कप भरा, दूध उतू जाऊ द्या, पुसून काढा, आणि प्रत्येक वेळी तो तो बारका शब्द मोठ्याने म्हणा. नाहीतर सगळ्यांना घेऊन बसमध्ये चढायचे आणि पुढच्या थांब्यावर उतरायचे. ड्रायव्हर वैतागायचा, पण माझ्या पोरांच्या हातापायांत ते शब्द जाऊन बसायचे. आणि तू स्टाफरूममध्ये चहात बिस्किट बुडवत म्हणायचास, "निघाली ग्लेनिसबाईंची नाटक कंपनी." सगळे हळूच हसायचे. मीही हसायचे. आतून किती जळायचे, ते तुला कधी दिसलं नाही.

तुझी लाडकी इलोना आठवते? हंगेरीची, तक्ता तोंडपाठ असलेली. घरमालकीण दोन वाक्यं बोलली की ती मनातल्या मनात चौकोन शोधत उभी राहायची. तोवर ती बाई बोलून, चहा पिऊन, कुत्र्याला फिरवायला गेलेली असायची. शेवटी पोरगी माझ्या किटलीपाशी येऊन बसली. महिन्याभरात मटणात हाडंच जास्त घातली म्हणून खाटकाशी भांडून आली. केवढी खूश होती! तू म्हणालास, पाया तक्त्याचाच होता. लाज कशी ती नव्हतीच तुला.

पण तुझ्या अकलेचा खरा उजेड पडला तो आपल्या घरात. सकाळची वेळ, तू टोस्टवर मार्मालेड लावतोयस, कडेपर्यंत, नेहमीसारखं नेमकं. आणि म्हणालास, "तुझी फारशी हरकत नसेल, तर मी मार्जरीकडे राहायला जायचा विचार करतोय." मार्जरी, तुझं पुस्तक छापणारी. मी म्हटलं, "छे, हरकत कसली? अजून एक टोस्ट देऊ?" आणि तू टोस्ट खाल्लास! दोन्ही खाल्लेस! बॅग भरलीस, आभार मानलेस आणि गेलास. अरे माणसा, इंग्लंडात जन्मलास, इंग्लंडात वाढलास, अख्ख्या जगाला इंग्रजी शिकवलीस, आणि इथली बाई 'हरकत कसली' म्हणते तेव्हा ती काय म्हणत असते ते तुला कळू नये? आपल्या दूधवाल्याला कळलं असतं! तू फाटकाबाहेर पडलास आणि मी ओट्याशी उभ्या उभ्या रडले. नंतर मार्जरीने तुला घालवून दिलं, तेव्हा मला आनंद झाला. तो अजून पुरता ओसरलेला नाही.

आणि आता ऑड्री सांगते की तिने तो तक्ता फ्रिजवर चिकटवलाय. रोज सकाळी तुला त्याच्यासमोर खुर्चीत बसवते, तुझाच आहे म्हणून तरी लक्षात येईल या आशेने. तू बघतोस आणि भिंतीकडे तोंड फिरवतोस. बघ, काय दिवे लावले तुझ्या तक्त्याने, असं मी म्हणणार होते. ओठांवर आलं होतं. पण नाही म्हणवलं.

मी नाही म्हटल्यावर ऑड्री घाईघाईने म्हणाली, "बरं बरं, काही नाही, सहज विचारलं." फोन ठेवणार, एवढ्यात मागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला आणि फोन तू घेतलास. मग म्हणालास, "ग्लेनिस. ये." बस्स. 'हरकत नसेल तर' नाही, 'येणं झालंच तर' नाही. तुझे ते सगळे गुळमुळीत शब्दही गेले वाटतं, बरं झालं. इतक्या वर्षांत तू मला सरळ काही मागितलंस ते हे पहिल्यांदा. मी फोन ठेवून दिला. म्हणून हे पत्र. मंगळवारी सकाळी येतेय. किटली माझी आणेन, तुमच्या घरातला चहा मला ठाऊक आहे. ऑड्री, मी यायच्या आत तो तक्ता फ्रिजवरून काढून टाक. दारात तुझ्या भावाने माझा कोट उतरवून घ्यायचा, पहिला धडा तोच. आणि लिओनेल, तू सरळ बोललास तर मीही बोलते. त्या सकाळी माझी हरकत होती. खूप हरकत होती.

तुझीच,
ग्लेनिस