उभा यजमान

ग्राबोव्हाक, २ डिसेंबर

ती. मामांस ग्रोझदाचा सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला ओरडवत नाही, म्हणून हे पत्र. तुमचा जुना पेशंट रादिसाव मला जेरीला आणतोय. काल त्याचं हृदय पुन्हा एकाएकी धावत सुटलं. नाडी मोजता येईना. रिकाम्या सिरिंजमध्ये जोरात फुंकायला लावलं, लगेच आडवं करून पाय वर धरले, तेव्हा कुठे ठोके ताळ्यावर आले.

शहरात जाऊन कायमचा इलाज करून घ्या म्हटलं, तर म्हणतो, आधी आमची स्लावा होऊ दे. घराण्याच्या संताचा दिवस, यजमानानं उभ्यानंच पाहुण्यांना वाढायचं. त्या दिवशी ठोके धावले तर आडवं व्हा म्हटलं, तर बापजाद्यांत कुणी बसलं नाही, मी काय झोपू, म्हणे. त्याच्या जागी उभा राहील असा मुलगा व्हिएन्नाहून येत नाहीये. या खेपेला रक्तदाब फार उतरला होता. उभ्या उभ्या जाईल हा माणूस, मामा, मला भीती वाटते.

उत्तर लवकर धाडा, रागावून का होईना.

ग्रोझदा

बेलग्रेड, ८ डिसेंबर

चि. ग्रोझदास अनेक आशीर्वाद.

प्रथेशी कसली भांडतेस? तो उभा राहतो घराण्यासाठी. घराण्यातलं दुसरं कुणी उभं राहिलं, तर तो झोपेल. मुलगा नाही तर मुलगी आहे की, स्तामेना. बापाला ती सुचली नाही हे समजू शकतो, पण तुलाही सुचू नये, डॉक्टरीणबाई? त्याला विचारू नकोस, नाहीच म्हणेल. तिलाच विचार. सिरिंज खिशात ठेव, इंजेक्शन आणि शॉकचं यंत्र गाडीत.

स्लावेच्या जेवणातला माझ्या वाटणीचा मासा तूच खा. माया आहेच, ती लिहायला कशाला हवी.

तुझा मामा

ग्राबोव्हाक, २० डिसेंबर

ती. मामांस सा. न. वि. वि.

काल स्लावेला पाद्री विधीचा पाव कापून गेले, पाहुणे जेवायला बसले, आणि राकियाची बाटली घेऊन फिरता फिरता रादिसाव भिंतीला टेकला. चेहरा राखेसारखा, पण पलंगाकडे हलेना. स्तामेनानं त्याच्या हातातून बाटली काढून घेतली आणि सगळ्यांदेखत सांगितलं, की मीही याच घरची आहे, आता मी उभी आहे, तुम्ही आडवे व्हा. तो पलंगावर जाऊन आडवा झाला.

पहिल्या फुंकेनं काहीच झालं नाही. दुसऱ्या वेळी पाय धरायला त्याचे व्याही धावले, आणि ठोके आले जागेवर. मला रडूच फुटलं. सोमवारी शहरात यायचं त्यानं कबूल केलंय.

थोड्या वेळानं उठला, टोपी सारखी केली आणि बाटलीसाठी हात पुढे केला. स्तामेनानं बाटली दिली नाही, खुर्ची ओढून दिली. त्यानं पाहुण्यांकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या स्लावेला बसला. मग आपला पेला तिच्यापुढे धरला.

तब्येत जपा. अशीच माया असू द्या.

तुमची ग्रोझदा