दारावर पार पडलेला डाव

तीर्थरूप मामा,

वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, म्हणून मनातल्या मनात). तुमचं ब्लडप्रेशर आणि मामी, दोघंही ताळ्यावर असतील अशी आशा करते. पत्र मुद्दाम हाताने लिहितेय, म्हणजे सकाळी फिरायला येणाऱ्या तुमच्या मंडळींनाही ते दाखवता येईल. बातमी अशी की वाढदिवसाला तुम्ही दिलेला तो बेटांचा आणि बंदरांचा खेळ आम्ही रविवारी खेळलो, आणि शेवटपर्यंत खेळलो. खोक्यावर तुम्ही स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं, 'हिच्या हातून काही तडीस जायचं नाही.' ते अक्षर मी गेले सात महिने रोज बघत होते. (एका बाहीचा स्वेटर तुम्ही विसरला नसाल. तो विषय आज नको.)

खेळायला चौघं लागतात. मी, हे, समोरचे सुतारकाका आणि माझी दातांची डॉक्टर मैत्रीण असे चार वाजता जमलो. पट उघडायला घेतला तो उघडतच गेला. आमच्या जेवणाच्या टेबलावर दोन बेटं कशीबशी मावली, बाकीचा समुद्र खाली लोंबायला लागला. सुतारकाकांनी खिशातून टेप काढला (ते लग्नालाही टेप घेऊन जातात), घरातली एकेक वस्तू मोजत पाहुण्यांच्या खोलीपर्यंत गेले, आणि मी चहा गाळेपर्यंत त्या खोलीचं दार काढून टेबलावर आडवं घातलंसुद्धा. पट त्यावर मापात बसला. कडी तेवढी मध्ये येत होती, तिला आम्ही उत्तरेचं बंदर मानलं. खोक्यात सहा गलबतं कमी निघाली, त्यांच्या जागी बिजागरीचे स्क्रू उभे केले.

नियमांचं पुस्तक चव्वेचाळीस पानांचं. ते यांच्या हातात दिलं ही माझी चूक. हे पडले मुद्रितशोधक. तासाभरात पानं लाल झाली. पाच वाजून गेल्यावर आमच्या लक्षात आलं, की यांना सगळ्या चुका सापडल्यात, पण खेळायचं कसं ते विचारलं की हे खिडकीबाहेर बघतात. मग पुस्तक मैत्रिणीकडे गेलं. तिला प्रश्न विचारायची सवय आहे, उत्तर ऐकायची नाही (दिवसभर समोरच्याचं तोंड नुसतं उघडं असतं). 'समजलं ना?' असं म्हणून ती लगेच पुढच्या पानावर. आम्ही तिघंही मान हलवत राहिलो.

आठ वाजता सुतारकाकांनी आळस दिला आणि बाकीचं पुढच्या रविवारी बघू म्हणाले. मैत्रिणीने चपला शोधायला सुरुवात केली. हेही पट आवरायला वाकले. मामा, पुढचा रविवार म्हणजे काय ते मला चांगलं माहीत आहे. त्या स्वेटरची दुसरी बाही नऊ वर्षं पुढच्या रविवारीच होणार आहे.

मी म्हटलं, "माझं आजवर काहीच पुरं झालेलं नाही. एवढं एक होऊ द्या."

मैत्रिणीने चपला काढल्या, सुतारकाका परत बसले आणि म्हणाले, "कुणाची पाळी?" मला भरून आलं. ते मी चहाच्या वाफेवर ढकललं.

साडेनऊला डाव संपला. सुतारकाकांची अकरा बंदरं, माझं एक, तेही कडीचं. मी चौथी आले आणि इतकी नाचले की कंबर धरली ती तेव्हापासूनच. गुरुवारी तुम्ही येताय, तर जेवताना सगळ्यांसमोर ते वाक्य मागे घ्यायचं. भात वाढायच्या आधी.

तुमची (तडीस नेणारी) भाची

ता. क. : आज पुस्तक चाळताना यांनी 'अनावश्यक' म्हणून काट मारलेली एक ओळ वाचली. 'इथवरचा डाव सरावाचा. पट तसाच ठेवून खरा खेळ इथून सुरू करावा.' म्हणून पट तसाच आहे. रविवारी मैत्रीण परगावी आहे, तिच्या जागी तुम्ही बसायचं.

ता. क. २ : दार कुठल्या खोलीचं ते लक्षात आलंच असेल. येताना एक जाड पडदा आणा.

ता. क. ३ : ते दार परत बसवायचं काम मी सुतारकाकांकडून स्वतःकडे घेतलं आहे. तेव्हा पडदा जरा टिकाऊच बघा.