न्हाणीघराचं दार

प्रिय दादा,

तू सांगितलेला जगाचा शेवट गेल्या रविवारी झाला नाही. सोमवारी उठून मी नेहमीसारखं धुणं वाळत घातलं. ही तुझी तिसरी तारीख. आता म्हणे हिशेब चुकला होता, खरा शेवट पुढच्या महिन्यात आहे!

अरे, मीही ख्रिस्ती आहे. प्रभू येणार यावर माझाही विश्वास आहे. पण तो दिवस स्वतःलाही ठाऊक नाही, असं त्यानेच सांगितलेलं असताना तुझ्या प्रार्थनासभेच्या त्या पाळकाच्या कानात तारीख कोण सांगून गेलं?

आणि शेवट येणार म्हणून आईच्या न्हाणीघराचं दार दुरुस्तीला काढून ठेवायचं आणि बसवायचंच नाही, हे कुठलं रे शहाणपण? "आता कशाला हवंय दार?" म्हणालास आणि रंधा पिशवीत टाकून प्रार्थनेला पळालास. तेव्हापासून आई चादर बांधून अंघोळ करते आणि मी बाहेर पहारा देते. तू सुतार. आपला प्रभूही सुतारच होता. जग तारायला निघताना त्याने कुणाचं दार अर्धवट सोडलं असेल, असं मला नाही वाटत.

काल वैतागून म्हटलं, "दुसरा सुतार बोलावते."

आई म्हणाली, "नको गं. माझा येईल."

"कधी?"

"ते मला काय माहीत? येईल."

हे पत्र मी टाकणार नाही. त्यातही तुला शेवटाचं एखादं चिन्ह दिसायचं. पण विश्वास कशाला म्हणतात ते बघायचं असेल, तर घरी ये. येताना बिजागऱ्या आण.

अजून याच जगात असलेली,
तुझी धाकटी बहीण