दात वाचला

सूनबाई,

आल्याबरोबर चपला काढू नकोस, स्वयंपाकघरभर काचा आहेत. कपबश्या माझ्या लाडक्या लेकाने फोडल्या. मग तुला बडवायला तुझ्या कामावर निघाला, तेव्हा मी त्याच्या मनगटावर बत्ता हाणला. हाड मोडलंय. गुरासारखा ओरडतोय, म्हणून शेजारच्या सुताराला सोबत घेऊन डॉक्टरकडे नेतेय. पाय घसरून पडला, असलं काही मी तिथे सांगणार नाही.

दूध नासलं तरी तू 'बरं झालं' म्हणतेस. काल त्याने तुझा ओठ फोडला तेव्हाही म्हणालीस, "बरं झालं, दात वाचला." ते ऐकून माझंच डोकं फिरलं गं.

जेवण झाकून ठेवलंय. आतून कडी लाव, मी एकटी आले तरच उघड.

आणि आज मीही म्हणते, बरं झालं. नेमका मारायचाच हात मोडला.

— सासू