केशरसाठी शिळं पाणी

४ नोव्हेंबर, मंगळवार
सौ. आजही समोरच्या राऊतांकडे. मेथीची जुडी नि ताट घेऊनच गेली. निवडायची तिथे, त्यांच्या काचेच्या टाकीतले गोल्डफिश बघत. चाळीस वर्षं ही भाजी माझ्यासमोर निवडली जायची. मी शाळेतल्या कविता म्हणायचो. ओळ अडली की मान वर न करता ती पुढची द्यायची. आज दोन कडवी भिंतीला ऐकवली. तिसऱ्यात अडलो. भिंत गप्प.

७ नोव्हें., शुक्र.
माणिकपूरहून काचेचा गोल बाउल नि दोन गोल्डफिश आणले. सौ. हरखली. एकीचं नाव केशर ठेवलं, दुसरीचं हळद. संध्याकाळी घरीच बसली!
राऊत दारातून डोकावले. "कविराज, भांडं लहान आहे हो. वीतभर वाढतात हे."
बघू, म्हटलं. जळतोय, दुसरं काय.

१२ नोव्हें., बुध.
रोज आंघोळ झाली की बाउल रिकामा करून घासतो, नळाचं ताजं पाणी भरतो. आईची शिस्त: रात्रीचं शिळं पाणी झाडाला, हंडा लख्ख, मग ताजं. राऊतांच्या टाकीत दगडांवर शेवाळ! सौ.ला मुद्दाम सांगितलं.
"तरी त्यांचे मासे कसे टवटवीत," म्हणाली.

१४ नोव्हें., शुक्र.
हळद गेली. बाउल बदलून पूजेला बसलो, उठेपर्यंत आडवी तरंगत होती. केशर तळाशी, कल्ले भराभर. सौ.ने सरळ राऊतांचं दार वाजवलं.
"पाणी कधी बदललंत?"
"आत्ताच. रोज बदलतो. सगळं."
"अहो, माशाला शिळंच पाणी लागतं! नळाच्या पाण्यात औषध असतं, कल्ले जळतात त्याने. भरून दिवसभर उघडं ठेवायचं. आणि आठवड्याला चौथा हिस्साच बदलायचा."
केशरला माझ्या टाकीत नेऊ का, म्हणाले. नाही म्हणायला तोंड उघडलं. सौ. माझ्याकडे बघत होती.
दिली.

१६ नोव्हें., रवि.
केशर जगली. राऊतांनी काचेला बोट लावलं की धावत येते. मी लावलं. नाही आली.
सौ. दोन्ही संध्याकाळी तिकडेच. राऊत वाडीतल्या बावखलाच्या, त्या जुन्या तळ्याच्या गोष्टी सांगतात. काठची केळी, पाण्यातले मासे, विकण्याआधीची वाडी. माझ्याकडे पाठ केलेल्या कविता. त्यांच्याकडे आख्खं तळं.

१८ नोव्हें., मंगळ.
मोठी टाकी आणली, फिल्टरसकट. मासा लगेच नको, पाणी महिनाभर मुरू दे, म्हणे. राऊतांनी आपल्या फिल्टरचा काळाकुट्ट स्पंज माझ्या टाकीत पिळला. म्हणजे माझं पाणी तयार होणार तेही त्यांच्या मळावर! त्यातले जंतू जगायला रोज चिमूटभर खाणं टाकायचं. रिकाम्या टाकीत.

२७ नोव्हें., गुरु.
टाकीला वाढत होतो. सौ. हसत सुटली.
"अहो, जेवली का तुमची टाकी?"
ताट घेऊन इथेच बसली. बघण्यासारखं काय, नुसते बुडबुडे. तरी बसली. मी हळूच सुरुवात केली. तिसऱ्या कडव्यात अडलो, खरंच अडलो. मान वर न करता तिने ओळ दिली.

५ डिसें.
आठवडाभर इथेच. टाकी रिकामी. घर भरलेलं.

१४ डिसें., रवि.
राऊतांनी बाटलीत थेंब टाकून पाणी तपासलं. "झालं की तुमचं पाणी, कविराज! उद्या केशरला घेऊन या. मीपण येत जाईन संध्याकाळचा, तिला बघायला. बायको गेल्यापासून तेवढाच वेळ जातो बघा."
"अजून आठ दिवस मुरू दे," मी.
"कशाला?"
"कोवळं वाटतंय."
राऊतांनी बाटली धुतली, पुसली, गेले.
सौ.चा हात मेथीवर थांबला होता. पुन्हा निवडू लागली.
"वाट बघत असेल," एवढंच म्हणाली. केशर की राऊत, विचारलं नाही.
टाकीत चिमूटभर खाणं टाकलं. कविता सुरू करवली नाही.